आलता: खाज, डाग आणि सासूबाईंची शंका

प्रश्न थोडक्यात असा. मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला एकटीचा रंगमंचीय कार्यक्रम, सात आठवड्यांवर आलंय. मागच्या वर्षी क्लासच्या कार्यक्रमात बाजारातला आलता, म्हणजे हातापायांना लावायचा लाल रंग, लावला, तर रात्री तिचे तळहात खाजायला लागले, पायांच्या कडेला बारीक पुरळ उठलं आणि पोशाखाच्या पंख्यावर (पुढच्या चुण्यांच्या भागावर) लाल बोटं उमटली ती कायमची. घरच्या घरी नैसर्गिक आलता करता येईल का, की सरळ लाल मार्करनं काम भागवावं? शिवाय सासूबाईंचं म्हणणं, हे आलत्याचं खूळ बंगाल्यांचं, आपल्यात नाही.

ताई, मी पुण्यात शास्त्रीय नृत्याची रंगभूषा करते, २८ वर्षं झाली. खाज, पुरळ, डाग या तिन्ही तक्रारी दर हंगामात ऐकते, आणि तिन्ही सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनही झाल्यात. मार्करचं आधी निकालात काढू. नको. ती शाई कागद, काच, प्लास्टिकसाठी केलेली असते, कातडीसाठी नाही. एका क्लासनं वेळ वाचवायला बारा मुलींचे पाय मार्करनं रंगवलेले मी पाहिलेत. लांबून छान दिसतं, जवळून शाळेच्या बाकावर गिरगटल्यासारखं. आणि आठवडाभर जात नाही.

आता खाज. आलता म्हणजे काहीतरी जुनं, पारंपरिक, म्हणून निरुपद्रवी, असा आपला समज असतो. परंपरा खरी आहे, पण बाटलीतला माल तो नाही. आलता मूळचा लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात, स्वतःभोवती राळेचं कवच करतात, आणि लाल रंग असतो तो त्या किड्यांच्या अंगात. (एका जैन आजींनी मला नातीच्या वेळी विचारलं होतं, ‘हे झाडाचं ना गं?’ खरं ते सांगितलं. त्यांनी नातीला कुंकू लावलं.) झारखंड, छत्तीसगड हे लाखेचे मोठे प्रदेश. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पळसांवरही लाख होते. कच्ची लाख धुतली की पाणी लालभडक होतं. तो रंग आणि मागे उरते ती राळ. एके काळी या रंगाचा परदेशाशी मोठा व्यापार होता. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून जांभळा रंग सापडला, पाठोपाठ कारखान्यातले स्वस्त लाल रंग आले, आणि पुढच्या काही दशकांत लाखेच्या रंगाला कोणी विचारेना. राळ मात्र टिकली, फर्निचरच्या पॉलिशला, बांगड्यांना आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांना. म्हणजे धुण्याचं लाल पाणी गटारात आणि राळ बाजारात, असा उलटा हिशेब झाला.

त्यामुळे दुकानात मिळणारा आलता बहुतेक वेळा पाणी, थोडा चिकटपणा आणि कृत्रिम रंग एवढाच असतो. तो रंग कातडीला चालणारा असेल तर हरकत नाही, मीसुद्धा बाटलीचाच आलता वापरते. अडचण होते ती कापडाचे रंग बाटलीत येतात तेव्हा. ऱ्होडामाइन बी हे नाव तुम्ही २०२४ मध्ये वाचलं असेल, तामिळनाडूनं आणि मग कर्नाटकानं कापूसमिठाईच्या निमित्तानं त्यावर कारवाई केली तेव्हा. म्हातारीच्या केसांत सापडलेला हा रंग आलत्यातही सापडलेला आहे. अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९८ साली याहून गंभीर गोष्ट छापली: आलत्यातल्या एका अ‍ॅझो प्रकारच्या कृत्रिम रंगामुळे कातडीचा रंगच उडाल्याची, म्हणजे लावल्या जागी पांढरे चट्टे पडल्याची. म्हणून खाजेला मी ‘होतं थोडंफार’ म्हणत नाही. तुमच्या मुलीला एकदा पुरळ उठलंय, तर ती बाटली तिच्यासाठी संपली. उरलेला आलता रांगोळीलासुद्धा ठेवू नका, कोणीतरी पुन्हा तिच्याच हाताला लावतं. आणि कुठे फिकट डाग दिसत असेल तर आधी डॉक्टर, मग अरंगेत्रम.

नवी बाटली घेताना लेबल वाचा. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापावी लागते. जत्रेतल्या आणि पूजासाहित्याच्या दुकानातल्या कितीतरी बाटल्यांवर देवीचं चित्र असतं आणि बाकी काही नसतं. अशी बाटली दहा रुपयांना मिळते. त्यात सगळं आलं. मी एक घरगुती चाळणी लावते: पांढऱ्या बशीत पाणी घेऊन एक थेंब सोडते. लाल पसरला तर ठीक. झगझगीत राणी रंग पसरला तर ती बाटली मी परत करते. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, माझी सवय आहे.

मग चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लावा, वाळू द्या आणि दोन दिवस पाण्यासाबणानं घासू नका. दोन दिवसांनी बघा, चौथ्या दिवशी पुन्हा बघा. बऱ्याच आया दहा मिनिटांनी बघतात आणि ‘काही नाही झालं’ म्हणतात. अशी प्रतिक्रिया उशिरा उठते, तुमच्याकडे रात्री उठली तशी. सात आठवडे हातात आहेत, दोन-तीन बाटल्या आरामात तपासून होतील. एकही चालली नाही तर नाटकाच्या रंगभूषेचा पाण्यावर चालणारा लाल केक मिळतो, तो ब्रशनं लावून वर सीलर (रंग धरून ठेवणारा फवारा) मारायचा. महाग पडतो आणि तासाभरानं घामानं थोडा उतरतो, पण मध्यंतरात पुन्हा लावता येतो. त्याचीही चाचणी मात्र करायचीच.

घरी करण्याबद्दल. बीट विसरा. सोशल मीडियावर रोज कोणीतरी बीट किसतं. बीटाचा रंग कातडीवर डागासारखा, असमान बसतो आणि पहिल्या घामाला निघून जातो. हळदीत चुना कालवून लाल करतात, तेही नको. ते लाल चुन्यामुळे दिसतं. कातडी आणि घाम आंबट, त्यामुळे पाऊण तासात मुलगी स्टेजवर पिवळी पडते. शिवाय चुना झोंबतो.

लाखेचा आलता घरी होतो, मी करते. रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात लाख मागा, पण ‘काडीची, कच्ची’ असं सांगून. पापडासारखी पातळ, मधाच्या रंगाची चपडी लाख दिली तर घेऊ नका. तिच्यातला रंग आधीच धुऊन निघालेला असतो. मी स्वतः पहिल्यांदा चपडीच आणली होती आणि रात्रभर भिजवून सकाळी चहासारखं पाणी हाती आलं होतं. साधारण ५० ग्रॅम कच्ची लाख घ्या, काड्या निवडा, खलबत्त्यात भरड कुटा. पाव लिटर कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून त्यात रात्रभर ठेवा. पाणी उकळतं घेतलंत तर राळ वितळून गोळा होईल, भांडंही जाईल आणि रंगही आतच अडकेल. सकाळी पंचातून दोनदा गाळा. वाइनसारखं जांभळट पाणी निघेल. ते दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून सावकाश आटवा, पाव हिस्सा उरेपर्यंत. मग तुरटीची पूड, अगदी नखभर. रंग जांभळ्यातून लालाकडे वळताना डोळ्यांना दिसतो, आणि खरं सांगते, इतकी वर्षं झाली तरी मी त्या क्षणी कोणाला तरी हाक मारून दाखवते. तुरटी जास्त झाली की रंग फाटतो, खाली गाळ बसतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, पुढे बुरशी धरतो.

पण अरंगेत्रमला मी हा लावणार नाही. हा रंग विटकरी, मातीकडे झुकणारा असतो. पूजेला, लग्नाच्या जवळून काढलेल्या फोटोला अतिशय देखणा. स्टेजच्या पिवळ्या प्रकाशात मात्र दहाव्या रांगेतून तपकिरी दिसतो, आणि नृत्यात आलत्याचं कामच मुळी लांबच्या माणसाला बोट दाखवणं हे आहे. अलपद्म, म्हणजे उमललेल्या कमळाची मुद्रा, उघडताना बोटांची टोकं सुटी दिसली पाहिजेत. शिवाय नैसर्गिक म्हणजे खाजणार नाही असं नाही, लाखही काहींना चालत नाही. सासूबाईंना घरच्या पूजेत लावून बघायला हा आलता द्या.

त्यांच्या शंकेकडे मी येणारच होते. आपल्याकडे हळदीकुंकू आणि मेंदीनं आलत्याची जागा घेतली हे खरं, आणि आलता घराघरांत टिकला तो बंगाल, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशात हेही खरं. पण शब्द आपला जुना आहे. संस्कृतात अलक्तक, मराठीत अळता, अळिता. ‘आलता’ हे हिंदी-बंगालीच्या वाटेनं परत आलेलं रूप. आणि गंमत म्हणजे ओडियात आजही ‘अळता’च म्हणतात, आपल्यासारखाच ळ लावून. तिथे जूनमधल्या रज सणाला कुमारिका झोपाळ्यावर बसतात त्या पायांना अळता लावूनच. म्हणजे ‘हे लग्न झालेल्या बाईचं’ असंही सरसकट नाही. बंगालमध्ये ते सौभाग्याशी जोडलेलं, नवी नवरी दुधात कालवलेल्या आलत्यात पाय बुडवून घरात पावलं उमटवते. हल्ली आपल्या लग्नांत कुंकवाच्या पाण्याचं ताट ठेवून तेच करतात, ते मालिकांतून आलं असावं. आपलं माप ओलांडणं त्यात मागे पडलं याचं मला वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा. आणि तमिळमध्ये भरतनाट्यमवाले याला ‘सेम्पंजु’ म्हणतात, म्हणजे लाल कापूस. बंगालीत ‘आलता पाता’: लाखेच्या रंगात भिजवून सुकवलेल्या कापसाच्या चकत्या. लागेल तेव्हा चकती पाण्यात भिजवून पिळायची. बाटली आली ती नंतर.

सासूबाईंना आणखी एक सांगा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राणी धारिणी झोपाळ्यावरून पडते, तिचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाच्या झाडाला फुलं यावीत यासाठी पायाचा स्पर्श करण्याचं काम मालविकेकडे येतं. मैत्रीण बकुलावलिका तिच्या पायांना अलक्तक लावते आणि राजा झाडाआडून बघत म्हणतो की तो ओला पाय फुंकर घालून वाळवायचा, सेवेची हीच आपली पहिली संधी! ही मालविका विदर्भाची राजकन्या. तेव्हा परकं वगैरे काही नाही, पूर्वी आपल्याच मुलीच्या पायाला लागलेलं आहे.

ती कथा मी विद्यार्थिनींना सांगते ती शृंगारासाठी नव्हे, फुंकरीसाठी. आलता लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि वाळवणं अर्ध्या तासाचं. तुमच्या पंख्यावरची लाल बोटं घाईची आहेत. माझ्या तिसऱ्या की चौथ्या कार्यक्रमात एका नाट्यगृहाच्या विंगेत, पडदा उठायला दहा मिनिटं असताना, मी एका मुलीच्या हातांना आलत्याचा तिसरा थर दिला. तिनं घाबरून दोन्ही हात कमरेवर ठेवले. मोरपंखी कांजीवरम, त्यावर दोन तळवे. गुरूंनी काही म्हटलं नाही, मुलीच्या आईनंही नाही. पोशाखाचे पैसे मी तीन हप्त्यांत दिले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पाय आदल्या रात्री. त्याआधी साबणानं धुऊन, दगडानं टाचा घासून, पूर्ण कोरडे. तेल, क्रीम, व्हॅसलीन काही नको, तेलकट कातडीवर आलता थेंब थेंब होऊन सुटतो. टाचांना भेगा असतील तर त्या महिनाभर आधीपासून भरून आणा. भेगेत रंग झिरपतो, झोंबतो आणि काळी रेघ दिसते. नखांना आणि नखांच्या कडांना आधी पारदर्शक नेलपॉलिश, म्हणजे नंतर नखं पिवळी राहत नाहीत. ज्या मुलींच्या हाताला फार घाम येतो त्यांच्या ओल्या तळव्यावर तुरटीचा खडा फिरवून तसाच वाळू देते.

हातांचा नंबर कार्यक्रमाच्या दिवशी, चेहऱ्याचा मेकअप झाल्यावर आणि पोशाख चढवण्याआधी. जेवण, पाणी, बाथरूम सगळं उरकून. बाटलीच्या झाकणातला स्पंज मी काढून टाकते, तो फार पितो आणि फार ओकतो. वाटीत दोन चमचे आलता ओतायचा आणि दोन ब्रश घ्यायचे, कडेसाठी बारीक आणि भरायला चपटा. ब्रश वाटीच्या काठावर निपटून घ्यायचा. तळव्यावरचं वर्तुळ काढताना हात ताणून पताकासारखा सपाट धरायला लावा. बहुतेक मुली हात वाटीसारखा करतात, त्या खोलगटात गोल काढला की हात उघडल्यावर त्याचं बटाट्यासारखं काहीतरी होतं. वर्तुळाला बाटलीच्या झाकणाचा छाप पुरतो. बोटं पहिल्या पेरापर्यंत, पाचही बोटांची रेषा एका उंचीवर. अंगठा विसरू नका, तो नेहमी राहून जातो. पायाला तळव्याच्या कडेनं बोटाएवढा पट्टा, टाचेमागून फिरवून आणलेला, बोटांची टोकं भरलेली, आणि वर मध्ये एक गोल. गुरूंची काही वेगळी पद्धत असेल तर तीच खरी, ओडिसीवाल्यांची रेषा वेगळी, भरतनाट्यमची वेगळी.

पहिला हात पातळच द्यायचा. तो गुलाबी, भिकार दिसतो. इथे सगळ्यांचा धीर सुटतो आणि वरून लगेच दुसरा थर चढतो. खालचा ओला असताना वर थर दिला की साय धरते, आणि ती साय नंतर पापुद्र्यासारखी सुटून पोशाखाला चिकटते. दहा मिनिटं थांबा. पंखा लावा, हाताची बोटं फाकवून ठेवायला सांगा, गोष्ट सांगा. मग दुसरा पातळ हात. पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. वाळल्याची खूण चमक: ओला आलता चकाकतो, वाळला की मखमलीसारखा होतो. मग साधा टिश्यू पेपर दाबून बघायचा, घासायचा नाही. डाग उठला तर अजून वेळ आहे. शेवटी चिमूटभर टाल्कम पावडर ब्रशनं झटकायची. यानंतर मुलगी स्वतःच्या हातानं काहीही करणार नाही. हुक, पिना, घुंगरांचे पट्टे सगळं दुसऱ्यानं बांधायचं. मी त्या दिवशी प्रत्येक मुलीमागे एक मावशी किंवा आत्या मागून घेते आणि तिचा फोन बाजूला ठेवायला लावते.

तरी डाग पडलाच तर लगेच कोरड्या पांढऱ्या कपड्यानं टिपा, मग थंड पाण्यात पिळलेल्या कपड्यानं बाहेरून आत टिपत या. गरम पाणी आणि इस्त्री अजिबात नाही. रेशमी असेल तर तिथेच थांबा आणि ड्रायक्लीनरला ‘आलता’ न म्हणता ‘कापड रंगवतात तसला लाल रंग’ म्हणून सांगा, म्हणजे तो कुंकू समजून घासत बसणार नाही. मागच्या वर्षीचा पंख्यावरचा डाग आता निघणार नाही. शिंप्याला विचारून त्या घड्या आत फिरवता येतात का बघा, पुष्कळदा येतात.

एक राहिलं. कार्यक्रमाच्या रात्रीच घासून काढायला जाऊ नका. खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, कापसानं पुसा, मग साबण. दोन-तीन दिवसांत उतरतो, पायांचा थोडा मागे राहतो. लिंबू-साखर लावतात, पण नुकत्याच नाचून आलेल्या तळव्यांना ती झोंबते. आणि सोमवारी शाळा असेल तर डायरीत आधीच एक ओळ लिहून द्या. एका मुलीला लाल बोटांसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेही संमेलनात तिचा नाच ठरवणाऱ्याच बाईंनी.